होम स्टुडिओतलं हमिंग: आधी पकडा, मग खर्च करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या जुन्या इमारतीत फ्लॅटच्या एका खोलीत स्टुडिओ मांडला आहे. लॅपटॉप, यूएसबीवर चालणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, दोन ॲक्टिव्ह मॉनिटर स्पीकर, इलेक्ट्रिक गिटार आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा एवढं सामान आहे. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमध्ये हमिंग सुरू होतं, पंखा मंद केला की गिटारमध्ये चरचर येते आणि अधूनमधून बारीक शिट्टी ऐकू येते. इलेक्ट्रिशियन म्हणतो स्टुडिओसाठी वेगळं अर्थिंग घ्या, दुकानदार म्हणतो पॉवर कंडिशनर घ्या. यातलं काय करावं?

सध्या दोन्ही नको. तुम्ही लिहिलेली लक्षणं एका दोषाची नाहीत. हे तीन निरनिराळे दोष आहेत, ते तीन निरनिराळ्या वाटांनी आत येतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे. एकच वस्तू आणून तिन्ही जातील ही आशा सोडलीत तर पुष्कळ पैसे वाचतील.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती कळकळीने सांगतो. हमिंग घालवायला थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन कापायची किंवा तिची हिरवी वायर सोडवायची, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याने हमिंग खरोखर जातं, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. पण उपकरणाच्या आत फेज बॉडीला लागला तर तो प्रवाह जमिनीत जायची वाट तुम्ही बंद केलेली असते. मग गिटारच्या तारा हातात आणि माइकची जाळी ओठांना, अशा अवस्थेत तो तुमच्या शरीरातून जातो. ऑडिओच्या केबलमध्ये अर्थ तोडण्याचे सुरक्षित मार्ग आहेत, ते पुढे येतील. मेन्सचा अर्थ मात्र कधीही तोडायचा नाही.

आता आवाज ओळखू. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो. इंटरनेटवरचा बराच सल्ला अमेरिकेतला आणि ६० हर्ट्झचा असतो, त्यातले आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुम्ही संगीतातले आहात, तर फोनवरचा ट्यूनर स्पीकरसमोर धरा. ५० आणि १०० हर्ट्झ दोन्ही पांढरी पाचच्या सुमारे ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर बसतात, म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध नाही, पण पांढरीपासून स्पष्ट चढे. ट्यूनरचा काटा तिथे स्थिर राहिला तर आवाज मेन्सचा आहे हे नक्की. याहून नेमकं पाहायचं तर अडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रमचा आलेख काढा. साइझ ६५५३६ ठेवा, म्हणजे ५० आणि १००चे सुळके स्वच्छ वेगळे दिसतात. नुसता ५०चा उंच सुळका आणि आवाज गोल, मऊ असेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा कुठेतरी तुटलेलं शील्ड (केबलमधलं तारांभोवतीचं धातूचं आवरण) हे पहिले संशयित. ५०च्या पटीत वरपर्यंत गेलेली सुळक्यांची रांग आणि कानाला चरचर असेल तर डिमर, रेग्युलेटर किंवा स्वस्त ॲडॅप्टर. सुळके १००० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत असतील तर मेन्सचा संबंध नाही. ते यूएसबीचं काम.

यानंतरची पायरी कंटाळवाणी आहे आणि तीच सर्वांत मोलाची आहे. सगळं सोडवा. लॅपटॉप बॅटरीवर, त्याला फक्त इंटरफेस, इंटरफेसला फक्त हेडफोन. स्पीकरच्या केबल नुसत्या बंद करून ठेवू नका, इंटरफेसमधून बाहेर काढा. गेन रोजच्या रेकॉर्डिंगला असतो तेवढाच ठेवा. पूर्ण गेनवर कुठलाही प्रीॲम्प (इनपुटचा सिग्नल वाढवणारा भाग) सूं सूं आवाज करतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. आता वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि फाइलला नाव द्या. मग एकेक वस्तू जोडत जा: माइक, चार्जर, एक स्पीकर, दुसरा स्पीकर, तानपुरा. दर वेळी वीस सेकंद आणि नवी फाइल. कानावर विसंबू नका. दहा मिनिटांनी कान सरावतो आणि 'कमी झालं की काय' असं वाटायला लागतं. आलेखातला सुळका सरावत नाही.

इथेच एक फाटा लक्षात ठेवा. हमिंग रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्ये आहे, की फक्त स्पीकरमधून ऐकू येतं? फाइल स्वच्छ, हेडफोन स्वच्छ आणि स्पीकर मात्र गुणगुणतात, तर दोष इंटरफेसच्या पुढच्या भागात आहे. रेकॉर्डिंगला त्याने धक्का लागलेला नाही. चार्जर लावल्यावर तुमच्या स्पीकरमध्ये येणारं हमिंग बहुधा याच जातीचं निघेल.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चार्जर थ्री-पिन असेल तर लॅपटॉपचा अर्थ चार्जरमधून भिंतीत जातो. स्पीकरचा अर्थ त्यांच्या पॉवर कॉर्डमधून भिंतीत जातो. आणि ऑडिओ केबलचं शील्ड लॅपटॉप आणि स्पीकर यांना परस्पर जोडतं. झालं एक मोठं कडं. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक असला तरी शील्डमधून प्रवाह वाहू लागतो. केबल मोनो असेल तर तेच शील्ड सिग्नलचा परतीचा मार्गही असतं, म्हणून तो फरक थेट गाण्यात मिसळतो. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल शील्डच्या आतल्या दोन तारांवरून जातो, स्पीकर त्या दोहोंतला फरक तेवढा घेतो आणि दोन्हींवर सारखं चढलेलं हमिंग वजा होतं.

म्हणून पहिली खरेदी करायचीच असेल तर ती केबलची. स्पीकरच्या केबलची पी-३८ (जाड, पाव इंची) पिन पाहा. एकच काळी रिंग असेल तर ती मोनो आहे, दोन असतील तर स्टिरिओ. इंटरफेसचं आउटपुट बॅलन्स्ड आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर पी-३८ स्टिरिओ ते कॅनन (तीन पिनांचा एक्सएलआर) मेल अशा दोन केबल घ्या. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते. आउटपुट आरसीए किंवा मोनो असेल तर दोन कोअर आणि शील्ड असलेल्या माइक केबलने अशी केबल सोल्डर करून घ्या: एक कोअर टिपवरून (पिनच्या टोकावरून) कॅननच्या पिन २ला, दुसरी कोअर स्लीव्हवरून (पिनच्या बुंध्यावरून) पिन ३ला, शील्ड इंटरफेसच्या बाजूला स्लीव्हला आणि स्पीकरच्या बाजूला पिन १ला. आता कड्याचा प्रवाह शील्डमधून जातो आणि सिग्नलची परतीची तार त्यापासून मोकळी राहते. तरी थोडं उरलंच तर स्पीकरच्या बाजूला पिन १वरचं शील्ड सोडवा. ऑडिओ केबलमध्ये असं करणं सुरक्षित आहे, कारण दोन्ही उपकरणांचा मेन्सचा अर्थ शाबूत असतो.

चार्जर टू-पिन असेल तर गोष्ट उलटी. अशा चार्जरच्या आत मेन्स आणि बाहेरची बाजू यांच्यात एक छोटा कपॅसिटर असतो आणि त्यामुळे लॅपटॉपची धातूची बॉडी हवेत तरंगते. हात फिरवला की बारीक मुंग्या येतात त्या याच्याच. मीटर लावला तर बॉडी आणि अर्थ यांच्यात शंभरच्या आसपास व्होल्ट दिसतील, पण प्रवाह अगदी किरकोळ असतो. ओळखायची खूण अशी: इंटरफेसच्या धातूच्या भागाला बोट लावलं की चरचर कमी होते. उपाय म्हणजे त्याच कंपनीचा थ्री-पिन चार्जर किंवा थ्री-पिनची लांब वायर मिळत असेल तर ती, नाहीतर टेकच्या वेळेपुरता लॅपटॉप बॅटरीवर.

मात्र हे सगळं सॉकेटात अर्थ खरोखर येतोय असं धरून चाललं आहे. जुन्या इमारतीत मी ते धरणार नाही. सॉकेटला तीन भोकं असतात, मागे हिरवी वायर कुठेच गेलेली नसते. अशा बोर्डात एक्स्टेन्शन लावलं की लॅपटॉप, मॉनिटर, ॲडॅप्टर या सगळ्यांचा किरकोळ गळता प्रवाह एक्स्टेन्शनच्या अर्थपट्टीवर साठतो आणि सगळ्या उपकरणांना मुंग्या येऊ लागतात. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. मीटर वापरायची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून तुमच्यासमोर करून घ्या. सॉकेटाकडे तोंड करून उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एक ते तीन व्होल्ट आलं तर ठीक. फेज-अर्थ शंभरच्या घरात किंवा सतत हलतं असेल तर अर्थ तुटलेला आहे. न्यूट्रल-अर्थ पाचच्या वर असेल तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे किंवा अर्थ कमकुवत आहे.

आणि नेमकं शून्य आलं तर खूश होऊ नका. हजार वॉटची इस्त्री त्याच लाइनवर लावून पुन्हा मोजा. निरोगी वायरिंगमध्ये लोडबरोबर न्यूट्रल-अर्थचा आकडा थोडा तरी वाढतो. जराही हलला नाही तर बोर्डात कुणीतरी अर्थच्या भोकाला न्यूट्रलची वायर जोडून ठेवल्याचा दाट संशय घ्या. मग घरातल्या लोडचा परतीचा प्रवाह तुमच्या ऑडिओच्या शील्डमधून वाट काढतो आणि हमिंग कशानेच जात नाही. पण हमिंग ही त्यातली लहान गोष्ट. न्यूट्रल वाटेत तुटला तर इंटरफेसच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हे आढळलं तर स्टुडिओ बंद ठेवून आधी ते दुरुस्त करा.

मीटरच्या मापालाही एक मर्यादा आहे. मीटर इतका कमी प्रवाह ओढतो की गंजून एका धाग्यावर लटकलेला अर्थसुद्धा २३० दाखवतो. म्हणून इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावून बघायला सांगा. पूर्ण उजळला तर अर्थ निदान एका धाग्यावर लटकलेला नाही. घरात ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (गळता प्रवाह दिसला की वीज तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताक्षणी ती पडेल, आणि तेही अर्थ जिवंत असल्याचंच लक्षण आहे.

आता स्टुडिओच्या वेगळ्या अर्थिंगबद्दल. जमिनीत नवा खड्डा, त्यात मीठ-कोळसा, त्यातून थेट स्टुडिओच्या बोर्डात वायर, आणि इमारतीच्या मूळ अर्थशी काही संबंध नाही, अशी ही कल्पना असते. ऐकायला ती शुद्ध वाटते, पण जमिनीतले दोन वेगळे अर्थ एकाच व्होल्टेजवर नसतात. स्टुडिओतली एखादी केबल घरातल्या दुसऱ्या उपकरणाला लागली, समजा एचडीएमआयने टीव्हीला, की तो सगळा फरक शील्डमधून वाहतो. हमिंग वाढतं. शिवाय नुसता मातीतून जाणारा फॉल्टचा प्रवाह एमसीबी पाडायला बहुधा पुरत नाही. नवा खड्डा घेतलाच तर तो मूळ अर्थशी जाड तांब्याच्या वायरने जोडलेलाच हवा. फ्लॅटमध्ये खरी गरज एवढीच असते की स्टुडिओच्या सॉकेटपासून मीटरजवळच्या अर्थपट्टीपर्यंत हिरवी वायर अखंड असावी आणि तिचे स्क्रू घट्ट असावेत.

पॉवर कंडिशनर मेन्सवरची उच्च वारंवारतेची घाण गाळतो. कड्यातला प्रवाह अर्थमधून येतो, आणि अर्थ त्या पेटीतून सरळ आरपार जातो. म्हणून तुमच्या पहिल्या दोषावर त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, एकाच सॉकेटवरून चालवा. सहा ॲम्पियरच्या सॉकेटवर १३८० वॉट चालतात आणि तुमच्या सगळ्या सामानाची बेरीज त्याच्या निम्मीही व्हायची नाही. एकाच ठिकाणचा अर्थ म्हणजे कडं लहान, म्हणजे फरक लहान. एसी मात्र वेगळ्या लाइनवरच राहू दे.

दुसरा दोष पंख्याचा. गोल फिरवायचा, पायऱ्या नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दर सेकंदाला शंभर वेळा मेन्सची लाट मधूनच कापतो. अर्ध्या वेगावर हे सर्वांत वाईट, पूर्ण वेगावर जवळपास नाहीसं. गिटारचं सिंगल कॉइल पिकअप हे टिपायला तयारच बसलेलं असतं. चार-पाच पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावला की चरचर जाते. हा काही शे रुपयांचा आणि अर्ध्या तासाचा मामला आहे. पण दोषी रेग्युलेटर तुमच्याच खोलीतला असेल असं नाही. लॅपटॉप बॅटरीवर, गिटार इंटरफेसमध्ये, हेडफोन कानात, आणि दुसऱ्या कुणाला डीबीतले (घराच्या मुख्य वीजपेटीतले) एमसीबी एकेक करून पाडायला सांगा. ज्या एमसीबीला आवाज थांबला, त्याच लाइनवर शोधा: बेडरूमचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी पट्टीचा ॲडॅप्टर, राउटरचा ॲडॅप्टर. मेन स्विच पाडूनही आवाज राहिला तर तो शेजारून किंवा जिन्यातल्या केबलमधून येतोय. मग खोलीतली बसायची जागा बदलणं हाच व्यवहार्य उपाय.

गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरा. एका दिशेला हमिंग जवळपास मरतं. तिथेच बसून टेक घ्या. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणं हे बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. जॅकच्या धातूला हात लावल्यावर कमी होतो, पण तारांना लावून काही फरक पडत नाही, तर ब्रिजखाली जाणारी अर्थची वायर सुटली आहे. आतून कॉपर फॉइल लावून घेतल्याने चरचर बरीच कमी होते. मात्र ट्रान्सफॉर्मरमधून येणारं ५०चं गोल हमिंग फॉइलने थांबत नाही, त्याला अंतर हाच उपाय आहे. ॲडॅप्टर आणि स्टॅबिलायझर गिटारपासून मीटरभर दूर ठेवा. गिटारची केबल लाइन इनपुटला नव्हे, इन्स्ट्रुमेंटच्या इनपुटला लावा आणि पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको. केबल गिटारविना लोंबत असताना येणारं हमिंग स्वाभाविक आहे, त्याचा शोध घेत बसू नका.

तिसरा दोष, शिट्टी. यूएसबीवर दर मिलिसेकंदाला माहितीची एक चौकट (फ्रेम) जाते, म्हणून १००० हर्ट्झ. वेगवान जोडणीत सेकंदाला ८००० सूक्ष्म चौकटी असतात, म्हणून ८०००वरही सुळका दिसतो. माउस हलवला की शिट्टीचा पोत बदलत असेल तर खात्री झाली. इंटरफेस लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून बघा, केबल मीटर-दीड मीटरची चांगली शील्ड असलेली घ्या, आणि हब वापरायचाच तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला. केबलवर चढवायचे फेराइट मणी ५० हर्ट्झच्या हमिंगला काहीच करत नाहीत. ऑनलाइन मिळणारे स्वस्त यूएसबी आयसोलेटर घेताना सावध राहा. त्यातले बरेचसे सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. तुमच्या इंटरफेसला ४८० लागत असतील तर तो ओळखलाच जाणार नाही.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा ॲडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा. हमिंग गेलं तर ॲडॅप्टर दोषी. बॅटरीची सोय नसेल तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देणारी, वीज न लागणारी छोटी पेटी) घालून माइक इनपुटमध्ये घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. आतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या करतो. पातळी वीसेक डेसिबलने उतरेल, ती प्रीॲम्पवर भरून काढता येते. ट्रान्सफॉर्मर फार स्वस्त असेल तर खर्ज पोकळ लागतो. तानपुऱ्याच्या बाबतीत ते चालण्यासारखं नाही, तेव्हा विकत घेण्याआधी ऐकून घ्या.

तानपुऱ्यामुळे आणखी एक फसगत होते. तो चालू असताना १००चं हमिंग झाकलं जातं आणि तानपुरा बंद केल्यावर एकदम उघडं पडतं. तुमचा षड्ज काळी चार असेल तर खालचा षड्ज १०३.८ हर्ट्झवर येतो. १०० त्याच्या इतकं जवळ आहे की सेकंदाला जवळपास चार हेलकावे ऐकू येतात आणि तानपुरा बेसूर असल्याचा भास होतो. सूर लावायच्या आधी हमिंग तपासा.

माइकमधून हमिंग येत असेल तर ते हवेतून येतंय की वायरीतून, हे आधी ठरवायला हवं. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा ट्यूबलाइटचा चोक माइक इमानाने टिपतो. एका कॅनन मेल पिनमध्ये २ आणि ३च्या मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा आणि माइकच्या जागी केबलच्या टोकाला तो लावा. हमिंग राहिलं तर ते केबलमधून किंवा प्रीॲम्पमधून येतंय. गेलं तर माइकच्या बाजूला, हवेतलं किंवा चुंबकीय. मग केबल मीटरवर तपासा: १ ते १, २ ते २, ३ ते ३ जोडलेले, आणि एकमेकांशी कुणीही जोडलेलं नको. ३ तुटलेली किंवा १ला चिकटलेली असेल तर आवाज कमी आणि हमिंग जास्त, असं दुखणं दिसतं. शील्ड तुटलं तर डायनॅमिक माइक चालत राहतो पण गुणगुणतो, आणि कंडेन्सर बहुधा मुकाच होतो, कारण इंटरफेसकडून त्याला मिळणाऱ्या ४८ व्होल्टचा परतीचा मार्ग तोच असतो. केबल विजेच्या वायरीशेजारून समांतर नेऊ नका. फूटभर अंतर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करणार असाल, तर तो स्क्वेअर वेव्हचा असल्यास १५०, २५०, ३५०चे सुळके वाढतील. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर, हेडफोन कानात आणि पंखा बंद ठेवून काम करा.

इतकं करून थोडं उरलंच आणि ते गाण्याच्या पातळीच्या साठ डेसिबल खाली असेल, तर सोडून द्या. सॉफ्टवेअरने काढायचंच तर ५०, १०० आणि १५०वर अतिशय अरुंद नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावा, क्यू (अरुंदपणाचं माप) तीसच्या वर. ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं गाळणारा फिल्टर) फक्त ५०ला आवरतो, १०० आणि १५० तसेच राहतात. आणि बायाँच्या ट्रॅकवर १००चा नॉच लावू नका. त्याची घुमक त्याच भागात असते, आणि हमिंगबरोबर तीही जाईल.